दिंद्रुडच्या पडद्यावर हमीद कधी मेला नाही

फोन आला तेव्हा मी खांबावर होतो. तेलगाव रस्त्यावर वानरांनी फायबरची वायर कुरतडली होती, तिचा जोड मारायचा होता. कमरेला दोर, दातात चिमटा, आणि खिशात फोन वाजतोय. पहिल्यांदा वाजू दिला. पुन्हा वाजला तेव्हा शिवी हासडून उचलला. मुंबईचा नंबर होता. हमीदच्या शेजारच्या खोलीतला माणूस बोलत होता. सकाळी स्टुडिओला निघायच्या तयारीत हमीदभाई बूट घालायला खुर्चीवर बसले आणि तसेच बसून राहिले... डॉक्टर म्हणाला, हार्ट. मी खाली उतरलो. जोड तसाच राहिला, अर्ध्या दिंद्रुडाचं इंटरनेट बंद, लोकांचे फोनवर फोन, आणि मी खांबाला टेकून बसलेला. डोक्यात एकच, की हमीदच्या आईला, हलीमाखालाला, हे कोण सांगणार? मग उठलो, कारण सांगणारा दुसरा कुणी नव्हता. खाला दारात मेथी निवडत बसली होती. मला अशा अवेळी बघून तिनं डोळ्यांवर हाताची सावली धरली आणि विचारलं, "आज कुठला पिक्चर हाय रे त्याचा?"

वर्षानुवर्षं मी त्या दारात अवेळी गेलो तो एवढ्याच कामासाठी, त्यामुळं तिचं काही चुकलं नव्हतं. मी मेथी बाजूला सरकवली आणि तिच्यासमोर खाली बसलो.

हमीद म्हणजे डिझेल इंजिनं दुरुस्त करणाऱ्या करीम मिस्त्रींचा मुलगा. आम्ही दोघं एकाच बाकावरचे. गावात हमीद दोन होते, म्हणून एक गोरा हमीद आणि हा काळा हमीद. तोंडावर म्हणायचे, त्यात कुणाला काही वाटायचं नाही. म्हणजे म्हणणाऱ्याला वाटायचं नाही. पोरगा रंगानं कोळसा, पण गळा असा की मिस्त्रींच्या दुकानातली सगळी इंजिनं तो तोंडानं चालू करून दाखवायचा. गिऱ्हाईक आत डोकावून बघायचं, कुठलं इंजिन सुरू झालं म्हणून. दहावीनंतर तो रिक्षावर भोंगा बांधून फिरायला लागला. कुणाची म्हैस हरवली, कुठं बियाणं आलं, कोणत्या गावात कुस्त्या आहेत... आष्टीपर्यंतच्या बाजारांत त्याचा आवाज गेला. मी तेव्हा नुकतीच गावात टीव्हीची केबल टाकली होती. मला म्हणायचा, "दत्त्या, तुझं चित्र आन् माझा आवाज. दोघं मिळून एक माणूस व्हईल बे." पुढं एका मावसभावाबरोबर तो मुंबईला गेला. गर्दीचे आवाज करता करता, म्हणजे पडद्यावर बाजार दिसला की मागं जो कालवा ऐकू येतो तो करता करता, एक दिवस त्याला खरीखुरी भूमिका मिळाली. अमेरिकन पिक्चर हिंदीत आणायचा होता, आणि त्यातल्या काळ्या माणसाला आवाज पाहिजे होता.

त्याचा तो पहिला पिक्चर मी माझ्या लोकल चॅनेलवर लावला. आदल्या दिवसापासून पडद्याखाली पट्टी फिरवली, आपल्या गावच्या हमीदचा आवाज ऐका म्हणून. खालाच्या घरात बसायला जागा नव्हती. जंगलातल्या नदीतून एक बोट चाललेली, बोटीत गोरा हिरो, त्याची बाई, आणि त्यांचं सामान वाहणारा काळा जवान. त्यानं तोंड उघडलं आणि आतून आमचा हमीद बोलला! सगळी खोली हसून लोळली. बोलतोयही कसा, अस्सल आमच्या बाजारातलं, "अय्यो भाई, मेरेकू नै जाना पानी में." लोकांना कौतुक आवरेना. आणि पिक्चर जरा रंगात येतोय तोवर पाण्यातून काहीतरी वर आलं आणि त्या जवानाला घेऊन गेलं. हमीदच्या आवाजातली ती किंकाळी... खालाच्या हातातली ताटली पडली. त्या दिवशी ती जेवली नाही. माझ्या दुकानातून मुंबईला फोन लावायला लावला. तिकडून हमीद हसत होता, अम्मी, मी कुठं मेलो, तो काळा माणूस मेला. त्यावर खाला जे म्हणाली ते मी जवळ उभा राहून ऐकलंय. "आवाज तर तुझाच मेला ना?"

त्याला पुढचा पिक्चर मिळाला, त्यातही त्याच्या आवाजाचा माणूस मेला. त्यापुढच्यात भुताच्या हवेलीत सगळ्यांत आधी तोच गेला. मग एकात हिरोचा दोस्त होता, विनोद करायचा, शेवटी हिरोच्या वाटची गोळी स्वतःच्या छातीवर घेतली. आमच्याकडं अशा नटाला सरसकट हबशी म्हणायची पद्धत. कुठल्या देशातला, काय नावाचा, कुणी विचारत नाही. खालानंच पहिल्यांदा विचारलं, आणि तेही मला, जसा काही मीच अमेरिकेत पिक्चर काढत होतो. "दर बारीला त्यालाच कावून मारतात रे? त्याला आई न्हाई का?" मी म्हटलं, स्टोरीच तशी असते. "मग तू बंद करत जा," ती म्हणाली, "तो मरायच्या आदी."

आणि मी करायला लागलो, खरंच. लेकराचा आवाज मरताना आईच्या कानावर पडणं बरं नाही, अपशकुन आहे, हे तिच्या मनानं घेतलं होतं, आणि तिला समजावण्यापेक्षा पिक्चर बंद करणं सोपं होतं. आधी मी एकटा बघून ठेवायचो, कुठं मरतो ते. मग चॅनेलवर लावला की त्या जागेच्या जरा आधी पिक्चर थांबवायचा आणि कव्वाली नाहीतर भारूड लावून द्यायचं. सुरुवातीला गावानं मला आईमाईवरून शिव्या घातल्या. पैसे कशाचे घेतोस, पुढं काय झालं त्या हिरोचं? मी म्हणायचो, त्याला काय होतंय, तो जगतो. हळूहळू सवय झाली. पिक्चर मध्येच थांबला की बायका उठून भाकरी टाकायला जायच्या, गडी माणसं चावडीकडं निघायची. मोठ्या सुट्टीत पुण्याहून आलेला पाहुणा चक्रावून विचारायचा, हे काय? तर लोक सांगायचे, आमच्याकडं असंच असतं, हमीद हाय तोवर पिक्चर. सगळ्या मुलुखात तो मरत होता. दिंद्रुडात मी त्याला मरू दिला नाही.

एकदा कामानिमित्त मुंबईला गेलो तेव्हा त्यानं मला स्टुडिओत नेलं. गादीसारख्या भिंती, काचेपलीकडं डबिंग डायरेक्टर, काचेअलीकडं माईकसमोर हमीद. पडद्यावर एक काळा डॉक्टर होता, चष्मा लावलेला, पिकल्या केसांचा. हमीदनं हेडफोनची एक बाजू आपल्या कानाला ठेवून दुसरी माझ्या कानाला लावली. मूळ माणूस इंग्रजीत बोलत होता. मला इंग्रजी जेमतेम, पण आवाज कळतो. खालचा, शांत, थकलेला. रात्रभर जागलेल्या भल्या माणसाचा. तिकडून डायरेक्टर म्हणाला, हमीदभाई, जरा मसाला घाला, तुमचं ते गावठी येऊ द्या. हमीदनं घसा साफ केला आणि आवाज वर चढवला, जरा नाकातून, शब्द लांबवून, आमच्या बाजारातल्या बावळट माणसासारखा. काचेपलीकडचे हसले. पहिल्याच झटक्यात ओके झालं. मी मात्र त्या पडद्यावरच्या माणसाकडं बघत होतो. त्याचे ओठ तसेच शांत हलत होते आणि त्यातून एक विदूषक बोलत होता. आणि तो विदूषक माझ्या गावचा होता, माझ्या चुलत्यासारखा बोलणारा. मला इतका राग आला की त्यांनी देऊ केलेला चहासुद्धा मी घेतला नाही.

बाहेर आल्यावर टपरीवर हमीदच बोलायला लागला. त्याला हे सगळं माझ्या आधी कितीतरी वर्षं कळलेलं होतं. मीच येडा, मला वाटायचं तो खुशीत आहे. म्हणाला, ठरलेले साचे आहेत बघ. एक जोकर दोस्त. एक चोर, नाहीतर गर्द विकणारा. एक लेकरं सांभाळणारी जाड बाई, जिला स्वतःची लेकरं असतात का ते कुणी दाखवत नाही. एक म्हातारा झाडूवाला, जो हिरोला लाखमोलाचं ज्ञान देतो आणि स्वतः झाडूच मारत राहतो. साहेब केलाच तर टेबलावर हात आपटून ओरडणारा साहेब. जुन्या काळी तर म्हणे गोरे नटच तोंडाला काजळी फासून त्यांची नक्कल करायचे आणि थेटरात हशा पिकायचा. हे त्यानं कुठंतरी वाचलं होतं आणि ते त्याच्या मनातून जात नव्हतं. "त्यांनी तोंडाला काजळी लावली, मी आवाजाला लावतो," तो म्हणाला. "तिकडं त्यांचा रंग, हिकडं आपली बोली. दोन्हीचा बाजार एकच." मी म्हटलं, मग सोडून दे. तर म्हणाला, सोडून काय करू, म्हैस हरवल्याची दवंडी? आणि हसला. पुढं जरा थांबून म्हणाला की त्याला फार काही नको आहे. त्यातला एखादा माणूस भाजी आणायला निघालाय, लाइट बिलावरून वैतागलाय, घरी येऊन जेवतोय, असं एकदा त्याला बोलायचंय. बस्स. मरायचं नाही आणि हसवायचंही नाही.

काळ बदलला तसे तिकडचे पिक्चरही बदलले. काळे राजे आले, शास्त्रज्ञ आले, आख्खा पिक्चर त्यांचाच असं व्हायला लागलं. हमीदला केवढा आनंद! मला फोन करून स्टोऱ्या सांगायचा. पण ते पिक्चर त्याच्याकडं आलेच नाहीत. राजाला आवाज द्यायला दिल्लीकडचा, शुद्ध हिंदीचा, भारदस्त गळ्याचा माणूस बोलावला जायचा. हमीदला सांगायचे, तुमचा आवाज कॉमेडीचा आहे हो. वीस-पंचवीस वर्षं ज्यांनी त्याच्याकडून तेच करून घेतलं, तेच हे सांगणारे. मला आजही हे आठवलं की हातातली वस्तू फेकावीशी वाटते. तो मात्र शांतपणे म्हणायचा की त्यांची तरी काय चूक, त्यांनी दुसरा ऐकलाच नाही.

मग तो पिक्चर आला. मोठा नव्हता, कुणाच्या फारसा लक्षातही नसेल. एका शहरात पूर येतो आणि सिटी बसचा ड्रायव्हर, मध्यमवयीन काळा माणूस, प्रवाशांना घेऊन अडकतो. एक मालदार गोरा कुटुंबासह त्या बसमध्ये असतो, म्हणजे हिरो तोच. बस पुलाजवळ कलते आणि ड्रायव्हर एका बाईला काढायला पाण्यात उतरतो. हिंदी करणाऱ्यांना तिथं भेदरलेला, चीची करणारा ड्रायव्हर पाहिजे होता. हमीद त्या दिवशी अडून बसला. म्हणाला, हा माणूस भेदरलेला नाही, तो काम करतोय. मग त्यांनी म्हटलं, बरं, साध्या शुद्ध हिंदीत करा. तर त्यालाही हा नाही म्हणाला. ही बोली हसायचीच असते असं कुणी सांगितलं? माझा बाप याच बोलीत इंजिनाशी बोलायचा, त्याला कुणी हसत नव्हतं. मिस्त्री करीमचाचा बोलायचे तसा खालच्या पट्टीत, घाई न करता, त्यानं तो ड्रायव्हर बोलला. काम तातडीचं होतं, भूमिका त्यांच्या मते दुय्यम होती, म्हणून राहू दिलं. त्यानंतर त्या लोकांकडून त्याला बोलावणं कमी झालं ते झालंच. पण फोनवर त्याचा आवाज काय सांगू, दहावी पास झाल्याच्या दिवशी होता तसा. "दत्त्या, यात मी मरत न्हाई बे. घरी येतो. अम्मीला दाखव."

आणि इथंच सगळं अडलं. मी खालाला सांगितलं, या पिक्चरमध्ये तो शेवटपर्यंत जगतो, मी डोळ्यांनी बघितलंय. ती माझ्याकडं अशी बघायला लागली, जसं काही मी तिला खोटी नोट देत होतो. तुमी दोघं मिळून मला फसवता, म्हणाली. पिक्चर लावला, ती बघत बसली, आणि ड्रायव्हर पाण्यात उतरायला लागला तसं तिनं रिमोट उचलला आणि टीव्ही बंद. पाणी तिनं पहिल्या पिक्चरमध्ये बघितलं होतं, विसरली नव्हती. ईदला हमीद स्वतः आला तेव्हा पेन ड्राइव्ह घेऊन आला. तिला खुर्चीत बसवलं, पायाशी हा बसला. बस कलली, ड्रायव्हरनं बूट काढले... आणि खालानं पुन्हा बंद केला. तो कळवळून म्हणाला, अम्मी, दहा मिनिटं बस, मी वर येतो. ती उठून स्वयंपाकाला गेली. जाता जाता त्याच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली की तू हायस की समोर, मला पडद्यावरचा कशाला पायजे. हमीद हसला. पण मी त्याला तेलगावच्या स्टँडवर सोडायला गेलो तेव्हा गाडी लागल्यावर बॅग उचलताना म्हणाला, "समद्या मुलुखानं माझं मरणं ऐकलं. एक जगणं केलं, ते आईनं ऐकलं न्हाई."

ती आमची शेवटची भेट.

त्याला दिंद्रुडला आणलं. आख्खं गाव होतं. ज्यांनी त्याला काळा हमीद म्हटलं तेही, त्यांची मुलंही. कब्रस्तानातून परतताना हॉटेलापाशी कुणीतरी मोबाइलवर त्याचा जुना तुकडा लावला, तो नदीतला, "मेरेकू नै जाना पानी में." लोक सवयीनं हसले आणि मग हसता हसता रडायला लागले. प्रेमानंच लावला होता, मला कळतं. तरी मी जाऊन तो बंद करायला लावला. मी दफन करून आलो होतो त्या माणसाचा तो आवाजच नव्हता. आता जग त्याला कायम असाच ऐकणार, मोबाइलवर, हसण्यासाठी, या विचारानं मी घरी येऊन दार लावून रडलो. बायको विचारत राहिली.

मयतीचा चाळिसावा दिवस झाला. पाहुणे पांगले. दोन दिवसांनी खालाचा निरोप आला, येऊन जा. मला वाटलं कनेक्शन बंद करायचं असेल. तिनं इतके दिवस टीव्हीवर चादर टाकून ठेवली होती. गेलो तर चादर काढलेली. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रबर लावलेला तो रिमोट टीव्हीपुढं ठेवलेला. ती खाली जमिनीवर बसली होती, ईदला हमीद बसला होता त्याच जागी. म्हणाली, तो बसवाला पिक्चर लाव. बरं वाटत नसेल तर नको, म्हटलं, नंतर कधीतरी बघू. खालानं मान हलवली.

"आता काय व्हायचं ऱ्हायलंय? लाव."

मी लावला. रिमोट तिच्या हातात दिला, तो तिनं मांडीवर ठेवला. पाऊस, शहर, बस. हमीद बोलायला लागला, तिकीट, थांबा, मागं सरका, असलं साधंसुधं. ती एकेका शब्दाला मान हलवत होती, जसं फोनवर ऐकताना हलवायची. बस कलली. ड्रायव्हरनं बूट काढले आणि ते कोरड्या जागी नीट जोडून ठेवले... मला नको ते आठवलं, मुंबईतल्या खोलीतली ती सकाळ. तिलाही आठवलं असणार. तिचा अंगठा रिमोटवर गेला, प्लास्टिक कुरकुरलं. पडद्यावर पाणीच पाणी होतं, आवाज कुठूनच येत नव्हता, आणि तिनं अंगठा उचलून हात पदराखाली घेतला. मग तो वर आला. धापा टाकत, त्या बाईला ओढत. खालानं श्वास सोडला तो मला ऐकू आला. पूर ओसरला, लोक आपापल्या वाटेनं गेले. ड्रायव्हर भिजलेला, अनवाणी, बूट हातात घेऊन गल्लीतून चालत एका साध्या घरापाशी येतो. दार वाजवतो. आणि करीम मिस्त्रींच्या आवाजात, खाला आणि ते आयुष्यभर घरात बोलले त्या बोलीत, न चढवता, न लांबवता, हमीद म्हणतो, "आ गया मैं. खाने कू है क्या कुछ?"

पडद्यावर दार उघडलं. टेबलावर ताट होतं. तो जेवायला बसला.

खालानं त्याला पहिला घास घेताना बघितलं. मग म्हणाली, "खोटं बोलत नव्हता तो."

"न्हाई, खाला."

पिक्चर अजून थोडा बाकी होता, त्या मालदार माणसाचं काय झालं ते पुढं येतं. तिनं रिमोट माझ्याकडं सरकवला. "बंद कर आता," ती म्हणाली. "घरी आलाय. जेवू दे त्याला."

मी बंद केला.